समोर आठ जण उभे आणि रन जागच्या जागी अडतोय: ब्लॉकिंगमध्ये काय तपासायचं

अमेरिकन फुटबॉलच्या शाळकरी टीममध्ये धावून बॉल पुढे न्यायचा प्रयत्न, म्हणजे रन, सारखा अडतो, आणि तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. पहिल्या डाउनला एक यार्ड, दुसऱ्याला उणे दोन, तिसऱ्याला अकरा यार्ड हवेत म्हणून नाइलाजाने पास, आणि मग पंट, म्हणजे बॉल लाथ मारून समोरच्यांना देऊन टाकणं. डिफेन्सने सात-आठ, कधी नऊ जण बॉलसमोर दाटीवाटीने उभे केलेले असतात. पुढच्या शनिवारी प्रतिस्पर्धी बदलतो, पण चित्र बदलत नाही. बदलणार कसं? या फ्रंटसमोर, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या मांडणीसमोर, तुमची टीम अडते हे एकदा फिल्मवर आलं की पुढची प्रत्येक टीम तोच फ्रंट लावून उभी राहते.

मी अमेरिकेत मिडल स्कूलच्या वयाच्या मुलांना लाइन शिकवतो. न्यू जर्सी, टेक्सासकडच्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता सातवी-आठवीत फुटबॉलला जातात, आणि कबड्डी-क्रिकेटवर वाढलेले त्यांचे आईवडील हळूहळू मदतनीस कोच होतात. त्यांच्याकडून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. चार डाउन, दहा यार्ड, कोण गार्ड आणि कोण टॅकल एवढं माहीत आहे असं धरून चालतो. उजळणीपुरतं: डाउन म्हणजे एक प्रयत्न; मधला सेंटर बॉल मागे देतो तो स्नॅप; त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल.

रन अडला की सगळ्यांची नजर रनिंग बॅककडे, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्याकडे, जाते. मग आणखी दणकट मुलगा बॅक म्हणून आणायचा, तोच प्ले आणखी जोरात करायचा, मुलांवर ओरडायचं. यातलं काहीच लागू पडत नाही, कारण दोष बॅकच्या पायांत क्वचितच असतो. टॅकल करणारा, म्हणजे बॅकला पाडणारा, बहुतेक वेळा असा असतो की ज्याला कुणी हातच लावलेला नाही. तो कोण, स्नॅपच्या वेळी कुठे उभा होता आणि मोकळा का राहिला, हे कळल्याशिवाय कुठलाही प्ले बदलू नका.

आधी फिल्म

बाजूच्या स्टँडमधून घेतलेली फिल्म लाइनच्या कामाला फारशी उपयोगी नाही. बाजूने सगळी लाइन एकमेकांवर चढलेली दिसते, गॅप, म्हणजे दोन लाइनमनमधल्या फटी, दिसतच नाहीत. एका पालकाला एंड झोनच्या मागे, मिळेल तितक्या उंचीवर उभं करा आणि फोन आडवा धरून दोन्ही लाइन पूर्ण चौकटीत येतील असं चित्रण करायला सांगा.

मग अडलेला प्रत्येक रन तीनदा बघा. पहिल्यांदा स्नॅपच्या क्षणी थांबवून बॉक्समधली माणसं मोजा. म्हणजे आपल्या लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण पाच यार्ड खोलीत त्यांचे किती जण आहेत ते. दुसऱ्यांदा हँडऑफच्या क्षणी, म्हणजे क्वार्टरबॅक बॅकच्या हातात बॉल देतो तेव्हा, थांबवा. कुणी आत्ताच लाइन ओलांडून आपल्या बाजूला आलंय का? तिसऱ्यांदा टॅकल झाला तिथून फिल्म उलटी चालवत न्या आणि टॅकल करणाऱ्याचा माग स्नॅपपर्यंत काढा. आठ-दहा प्ले असे पाहिले की ठरावीक माणूस ठरावीक जागेवरून येताना दिसायला लागतो.

तो डिफेन्सिव्ह लाइनमन असेल तर इलाज वेगळा, त्याच्या मागे उभा राहणारा लाइनबॅकर असेल तर वेगळा, सगळ्यात मागून खाली उतरलेला सेफ्टी असेल तर आणखी वेगळा. या तिघांवर एकच औषध देण्यात बऱ्याच टीमचा सीझन जातो.

लाइनमन हँडऑफच्या आधीच आपल्या अंगणात

लहान वयोगटात हे सर्वांत जास्त दिसतं. समोर सहा-दोन फ्रंट (सहा लाइनमन, दोन लाइनबॅकर) किंवा सरळ गॅप-आठ: आठ मुलं आठ गॅपमध्ये, हात जमिनीवर, ढुंगण वर, आणि स्नॅप झाला की खाली मान घालून आत घुसणार. आपला गार्ड समोरच्या माणसाला शोधत असतो, आणि समोर कुणी नसतंच. तो बाजूच्या फटीतून केव्हाच गेलेला असतो.

पहिली दुरुस्ती फुकटची आहे. लाइनमधलं अंतर कमी करा. दोन लाइनमनच्या पायांत साधारण दोन फुटांचं अंतर ठेवायची रीत आहे, पण गॅपमध्ये घुसणाऱ्या फ्रंटसमोर ते अंतर म्हणजे आमंत्रण. पाय जवळजवळ टेकतील इतके जवळ या. त्याबरोबर सगळी लाइन बॉलपासून जितकी मागे नियमात बसते तितकी मागे घ्या. लाइनमनचं डोकं सेंटरच्या कमरेच्या काल्पनिक रेषेच्या पुढे असलं की तो लाइनवर आहे असं धरतात. त्या मर्यादेत मागे राहिलात की घुसणारा मुलगा दिसायला क्षणभर जास्त मिळतो, आणि बारा वर्षांच्या मुलासाठी तो क्षण फार मोठा असतो.

दुसरी दुरुस्ती नियमाची. «तू त्याला धर, तू याला धर» असं माणूस नेमून देणं बंद करा. विंग-टी ही धावण्यावर भर देणारी रचना खेळणाऱ्या टीम पिढ्यानपिढ्या एक क्रम शिकवत आल्या आहेत: गॅप, डाउन, बॅकर. आपल्या आतल्या, म्हणजे सेंटरकडच्या, गॅपमध्ये कुणी आहे? मग तोच तुझा. नाही? मग आतल्या बाजूच्या शेजाऱ्यासमोरचा लाइनमन तुझा, तिरकस आत जाऊन मार. तोही नाही? मग लाइनबॅकरकडे जा. मुलगा लाइनवर येऊन तीन प्रश्न स्वतःला विचारतो आणि उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर असतं. डिफेन्सने फ्रंट बदलला तरी प्रश्न तेच राहतात.

पहिलं पाऊल आतल्या पायाचं, वीतभर, जमिनीला घासून. मुलं मोठं पाऊल टाकतात, ते टाकताना उभी राहतात, आणि उभ्या मुलाला कुणीही ढकलतं. सरावात पहिल्या पावलावर शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि पावलं बघा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. आणि हात आधी, डोकं मागे. हेल्मेटने धडक देणारा ब्लॉक मी कुठल्याही वयाच्या मुलाला करू देत नाही. तो नियमाबाहेर आहे आणि मानेला धोका आहे.

एवढं करूनही एखादा फारच जोरात घुसत असेल तर त्याला घुसू द्या आणि ट्रॅप लावा. समजा उजव्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा मुलगा घुसतोय. उजवा गार्ड त्याला सोडून लाइनबॅकरकडे जातो. डावा गार्ड पुल करून, म्हणजे आपली जागा सोडून लाइनच्या मागून, सेंटरच्या पाठीला चिकटून, लाइनच्या अगदी जवळून येतो आणि त्या घुसलेल्याला आतून बाहेर बाजूने मारतो. सेंटर मागच्या बाजूला (प्लेच्या विरुद्ध दिशेला) ब्लॉक करून डाव्या गार्डची रिकामी जागा झाकतो. बॅक ट्रॅपच्या आतून निघतो. बारकावा एकच: उजवीकडे ट्रॅप करताना उजवा खांदा लागला पाहिजे, डावीकडे जाताना डावा. मग ट्रॅप करणाऱ्याचं शरीर डिफेंडर आणि भोक यांच्या मध्ये येतं. उलटा खांदा लागला तर डिफेंडर मागे हात टाकून बॅकला ओढतो, आणि फिल्मवर «ब्लॉक तर केला होता» असं दिसतं.

हा ट्रॅप सेंटरसमोर कुणी नसेल तेव्हाचा. नोज टॅकल सेंटरच्या नाकासमोर असेल तर सेंटर मागच्या बाजूला जाऊच शकत नाही. तेव्हा हा प्ले बाजूला ठेवा.

लाइनमन अडवला, तरी लाइनबॅकर मोकळा

इथे फ्रंट निराळा असतो. तीन लाइनमन, आणि प्रत्येकाच्या बरोबर पाठीमागे तीन-चार यार्डांवर एकेक लाइनबॅकर, जणू सावलीच. मागे पाच जण. कॉलेज फुटबॉलमध्ये जो ली डन यांनी आणि पुढे न्यू मेक्सिको आणि सॅन डिएगो स्टेटमध्ये रॉकी लाँग यांनी हा तीन-तीन-पाच स्टॅक नावारूपाला आणला. आता तो हायस्कूलपर्यंत झिरपला आहे, कारण याला दांडगी मुलं लागत नाहीत, चपळ मुलं पुरतात.

याची गंमत अशी की पुढचा मुलगा एका गॅपमध्ये तिरका घुसतो आणि मागचा दुसऱ्या. कोण कुठे जाणार हे स्नॅपपर्यंत लपलेलं. तुमच्या सेंटरला «नोज तुझा» आणि गार्डला «मधला लाइनबॅकर तुझा» असं सांगितलं असेल, तर नोज गार्डच्या अंगावर येतो, लाइनबॅकर सेंटरच्या दुसऱ्या खांद्याकडून जातो, आणि दोघं एकमेकांना अडखळत चुकीच्या माणसामागे धावतात. माणूस वाटून देणारी कुठलीही पद्धत इथे फसते, मुलं कितीही चांगली असोत.

उत्तर आहे जोडीने ब्लॉक करणं. सेंटर आणि गार्ड ही जोडी, नोज आणि त्याच्यामागचा लाइनबॅकर ही त्यांची जोडी. दोघांनी दोघांना अडवायचं, कोण कुणाला ते धडक बसल्यावर ठरेल. कबड्डीत साखळीतले दोघं रेडरच्या पायांकडे जाताना आधी वाटणी करत बसत नाहीत, तो ज्याच्या बाजूला वळला त्याने सोडायचं नाही, दुसऱ्याने मागून यायचं. इथेही तसंच.

हे शिकवायला कोच लोक एक वाक्य वापरतात: चार हात लाइनमनवर, चार डोळे लाइनबॅकरवर. दोघांची कंबर कंबरेला लागलेली, मध्ये फट नाही, दोघं मिळून नोजला मागे ढकलत नेतात, पण नजर त्याच्यावरून मागे. लाइनबॅकर ज्याच्या बाजूला आला तो हात सोडून त्याला घेतो, उरलेला नोजला पूर्ण ताब्यात घेतो.

सगळी मुलं एकच चूक करतात: लवकर सुटतात. लाइनबॅकर दिसला की गार्ड नोजला नुसता स्पर्श करून वर पळतो, नोज फटीतून निघतो, आणि मग एकही अडत नाही. आधी नोज हलला पाहिजे. तो हलला की मागचा लाइनबॅकर आपोआप अडकतो, कारण त्याचीच माणसं त्याच्या वाटेत येतात. म्हणून माझा आग्रह असतो की लाइनबॅकर हाताच्या अंतरावर येईपर्यंत कुणी सुटायचं नाही. त्याला येऊ द्या, तो येणारच आहे.

सरावासाठी दोन ब्लॉकर, समोर पॅड धरलेला एक मुलगा आणि त्याच्यामागे दुसरा. कोच ब्लॉकरच्या पाठीमागे उभा राहून मागच्या मुलाला बोटाने डावं किंवा उजवं दाखवतो, पुढचा त्याच्या उलट दिशेला तिरका जातो. ब्लॉकरना काहीच माहीत नसतं. प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला, सगळे ताजेतवाने असताना हे करून घ्या. शेवटी दमलेल्या मुलांकडून डोळ्यांचं काम होत नाही.

या स्टॅकसमोर दोन्ही गार्डसमोर सहसा कुणी उभं नसतं. झोन ब्लॉकिंगचा साधा नियम इथे चपखल बसतो: ज्याच्यासमोर माणूस आहे तो त्याच्याशी भिडतो, ज्याच्यासमोर नाही तो प्लेच्या दिशेच्या शेजाऱ्याला मदत करून मग वर जातो. प्ले उजवीकडे असेल तर डावा गार्ड सेंटरला मदत करतो, उजवा गार्ड उजव्या टॅकलला. बॅकने मात्र ठरलेल्या भोकात डोळे मिटून शिरायचं नाही. जोड्या ज्या बाजूला ढकलल्या गेल्या त्याच्या विरुद्ध बाजूला कापायचं. मुलाला एवढंच सांगा, पहिल्या लाइनमनची पाठ कुठे वळलीय ते बघ.

सगळे अडवले, तरी एक उरतोच

फिल्मवर लाइन छान, जोड्या छान, आणि तरी तीन यार्डांवर सेफ्टी येऊन टॅकल करतो. तेव्हा ब्लॉकिंगला दोष देऊ नका. तुमच्याकडे माणूसच कमी आहे.

हिशोब मांडून बघा. अकरांपैकी बॅक बॉल घेऊन धावतो आणि हँडऑफ देऊन क्वार्टरबॅक मोकळा. उरले नऊ ब्लॉकर. डिफेन्सने दोन सेफ्टी खोल ठेवले तर त्यांचेही नऊ, बरोबरी. एक सेफ्टी खाली उतरला की त्यांचे दहा आणि तुमचे नऊ. प्रोफेशनल फुटबॉलमध्ये बॉक्समध्ये आठ किंवा जास्त माणसं असली की त्याला स्टॅक्ड बॉक्स म्हणून मोजतात ते याचसाठी.

एक माणूस परत मिळवायचे मार्ग आहेत, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात स्वस्त म्हणजे क्वार्टरबॅकला कामाला लावणं. तो स्वतः धावला तर बॅक ब्लॉकर होतो आणि नवाचे दहा होतात. किंवा झोन रीड: मागच्या बाजूचा डिफेन्सिव्ह एंड (टोकाचा लाइनमन) मुद्दाम मोकळा सोडायचा, क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघायचं, तो बॅकमागे धावला तर बॉल स्वतःकडे ठेवायचा, जागेवर राहिला तर बॅकला द्यायचा. हातही न लावता एक माणूस बाद. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ यांनी ही चाल रुजवली असं मानलं जातं.

२१ सप्टेंबर २००८ला मायामी डॉल्फिन्सने न्यू इंग्लंड पेट्रिअट्सविरुद्ध हाच हिशोब टोकाला नेला. क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टनला बाहेर रिसीव्हरच्या जागी पाठवलं, त्यामुळे रिसीव्हर राखणारा एक कॉर्नरबॅक त्याच्यामागे बाहेर अडकला. स्नॅप थेट रनिंग बॅक रॉनी ब्राउनला. लाइनही असंतुलित, एका बाजूला जास्त वजन. ब्राउनने चार टचडाउन धावून केले, एक पास टाकून, आणि मायामी ३८-१३ जिंकली. वाइल्डकॅट म्हणून ते गाजलं, पण त्यामागची कल्पना शंभर वर्षं जुन्या सिंगल विंग या रचनेची आहे, ज्यात स्नॅप थेट बॅककडे येतो.

असंतुलित लाइन लहान मुलांच्या टीमलाही जमते. एक टॅकल उचलून दुसऱ्या बाजूच्या टॅकलशेजारी ठेवा. डिफेन्स सेंटरकडे बघून उभा राहिला तर त्या बाजूला तुमचा एक माणूस जास्त. त्यांनी सरकून घेतलं तर मागची बाजू उघडी. फक्त टोकाला कोण आहे ते आधी तपासा, नाहीतर पास पकडायला पात्र नसलेला मुलगा टोकाला जाऊन बसतो आणि चांगला पास दंडात जातो.

मोशनही फुकटची मोजणी आहे. एका बॅकला स्नॅपआधी आडवं चालवा आणि कोण त्याच्यामागे जातो ते बघा. ३० जानेवारी १९८३, सुपर बोल १७ (प्रोफेशनल लीगचा अंतिम सामना), वॉशिंग्टन १७-१३ने मागे, चौथा डाउन, एक यार्ड हवा. मायामीचा डिफेन्स गोल लाइनवर असावा तसा दाटून उभा. वॉशिंग्टनचा क्लिंट डिडियर मोशनमध्ये गेला आणि अचानक उलटा फिरला. त्याच्यामागे धावणारा डॉन मॅकनील वळताना घसरला, सावरून बॉल घेतलेल्या जॉन रिगिन्सच्या आडवा आला, पण टॅकल टिकला नाही. रिगिन्स ४३ यार्ड धावत टचडाउनला गेला, वॉशिंग्टन २७-१७ जिंकली. या प्लेमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: दाटीच्या फ्रंटमागे कुणी नसतं. पहिली भिंत ओलांडली की पुढे रिकामं मैदान. म्हणून अशा वेळी एक यार्ड मिळवण्यापुरताच प्ले निवडू नका, प्रत्येक लाइनमनला वर जाऊन दुसरा माणूस शोधायला लावा.

बाहेरचा रिसीव्हर आत येऊन उतरणाऱ्या सेफ्टीला ब्लॉक करू शकतो, पण हाय स्कूलच्या नियमांत २०१७पासून न बघणाऱ्या माणसाला आंधळ्या बाजूने जोरदार धडक देणं मना आहे. उघडे हात, छातीवर, आणि समोरून. तसं शिकवता येत नसेल तर हा ब्लॉक वापरू नका.

आणि त्यांच्याकडे दोन माणसं जास्त असतील तर धावूच नका. बाहेर तुमचे तीन आणि त्यांचे दोन असणार, तिकडे छोटा पास टाका. «आधी रन बसवायचाच» हा हट्ट मला पटत नाही. १९८५च्या शिकागो बेअर्सना त्या सीझनमध्ये हरवणारी एकच टीम होती मायामी, २ डिसेंबरच्या रात्री, ३८-२४. मायामीने तीन रिसीव्हर पसरून नॅट मूरला अशा माणसांसमोर उभं केलं ज्यांना त्याच्याबरोबर धावणं झेपत नव्हतं. बॉक्स रिकामा करायचा तो असा.

बेअर फ्रंट: याला वेगळं औषध

त्याच बेअर्सचा ४६ डिफेन्स, बडी रायन यांचा, सेफ्टी डग प्लँकच्या जर्सी नंबरवरून नाव पडलेला. सुपर बोल २०मध्ये त्यांनी न्यू इंग्लंडला पूर्ण सामन्यात रनवर फक्त ७ यार्ड दिले आणि ४६-१० जिंकले. आज हायस्कूलमध्ये जो बेअर फ्रंट दिसतो तो याचाच वंशज.

ओळखायचा कसा? सेंटरच्या नाकासमोर एक, दोन्ही गार्डच्या बाहेरच्या खांद्यांवर एकेक, म्हणजे ज्याला तीन टेक्निक म्हणतात ते. आतले तिघंही झाकलेले. दोन्ही टोकांना आणखी दोघं. दोन्ही टॅकलसमोर मात्र बऱ्याचदा कुणी नसतं.

इथे पॉवर का मोडतो ते नीट पाहा, कारण पॉवर हा बहुतेक टीमचा हातखंडा प्ले असतो. पॉवरमध्ये मागचा गार्ड पुल करतो आणि सेंटर मागे ब्लॉक करून त्याची जागा भरतो. बेअरमध्ये सेंटरसमोरच नोज आहे, तो हलू शकत नाही. गार्ड निघाला की त्याच्यासमोरचा तीन टेक्निक त्याच्या पाठोपाठ आत येतो आणि बॅकला बॉल मिळता मिळता पकडतो. फिल्मवर गार्ड हळू वाटतो. तो हळू नाही, प्लेच या फ्रंटसाठी नाही.

मागून कुणालाही न काढता चालणारा प्ले हवा. विंग-टीमधला «डाउन» नावाचा प्ले इथे सोन्यासारखा आहे. उजवीकडे खेळत असाल तर उजवा टॅकल आत तिरका जाऊन तीन टेक्निकला मारतो. त्याला उत्तम कोन मिळतो, कारण तो बाहेरून येतोय आणि समोरचा गार्डकडे बघत असतो. टॅकलच्या बाहेर उभा असलेला टाइट एंडही आत, लाइनबॅकरवर. त्याच्या आतल्या खांद्यावर कुणी असेल तर आधी तो, आणि मग लाइनबॅकर विंगबॅकने (टाइट एंडच्या बाहेर, जरा मागे उभ्या बॅकने) घ्यायचा. आणि उजवा गार्ड, ज्याच्यासमोरचा माणूस आता टॅकलने घेतलाय, तो स्वतः बाहेर पुल करून टोकाच्या माणसाला बाहेर ढकलतो. बॉल घेतलेला फुलबॅक गार्डच्या पाठीला लागून आत शिरतो. मागचा गार्ड आपल्या समोरच्याला सोडत नाही, मागचा टॅकल आत येऊन त्याला मदत करतो.

गार्डला एक जास्तीची गोष्ट सांगून ठेवा. टोकाचा माणूस कधी बाहेर उभा न राहता चिरडत आत येतो आणि गार्डच्या पुढून खाली घुसतो. तेव्हा त्याला बाहेर ढकलायच्या फंदात पडू नको, त्याला तिथेच आत गाडून टाक. फुलबॅक त्याच्या बाहेरून फिरेल. दोघांनी हे एकत्र सरावलं नाही तर गार्ड एका बाजूला आणि बॅक दुसऱ्या बाजूला जातो.

पाठलाग करणारे

चौथा प्रकार थोडक्यात. टॅकल करणारा मागच्या बाजूने धावत आलेला असेल, तर तो अति उत्साही आहे आणि त्याला शिक्षा द्यायला हवी. बॅकचं पहिलं पाऊल एका दिशेला, प्ले दुसऱ्या दिशेला, मागच्या बाजूचा गार्ड आणि टॅकल दोघंही पुल करून पुढे. जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टनने नेब्रास्का विद्यापीठाच्या खेळातून उचललेला हा काउंटर. सुपर बोल २२मध्ये डेन्व्हरविरुद्ध टिमी स्मिथने २०४ यार्ड काढले त्यात याचा मोठा वाटा होता. लहान मुलांसाठी गार्ड एकटाच पुल केला तरी पुरे, दोघं धावले की ते आपापसात आदळतात. अट एकच: आधी दोन-तीन वेळा प्ले खरोखर पहिल्या दिशेला गेलेला असला पाहिजे. ज्याला कशाचीच भीती नाही तो डिफेंडर फसत नाही.

सामन्यात काय करायचं

फ्रंट मध्येच बदलतो, म्हणून सेंटरला बोलायला शिकवा. लाइनवर आल्यावर त्याने तीनपैकी एक शब्द मोठ्याने ओरडायचा: ऑड, ईव्हन किंवा बेअर. नोज समोर आहे, नाही, किंवा तिघंही झाकलेत. बाकीच्यांनी त्यावरून आपला क्रम लावायचा. शब्द डिफेन्सने ऐकले तरी काही बिघडत नाही, ते कुठे उभे आहेत हे त्यांना माहीतच आहे.

एका सिरीजमध्ये, म्हणजे बॉल सलग आपल्याकडे असेपर्यंत, एकच दुरुस्ती करा. अंतर कमी केलं असेल तर त्याच सिरीजमध्ये नवीन ट्रॅप आणि असंतुलित लाइन आणू नका, कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. बाजूच्या रेषेवर एक जण फक्त बॉक्स मोजायला ठेवा, त्याने बॉलकडे बघायचंच नाही. प्रत्येक प्लेनंतर त्याने एक आकडा आणि टॅकल करणाऱ्याचा जर्सी नंबर एवढंच कागदावर लिहायचं. मध्यंतरात तो कागद पंधरा मिनिटांच्या चर्चेपेक्षा जास्त सांगतो.

हे सगळं करूनही रन अडत असेल तर नोज आणि सेंटर एवढीच दोन मुलं फिल्मवर बघा. वरच्या जवळजवळ प्रत्येक उपायात सेंटरवर एक जबाबदारी टाकली आहे: ट्रॅपमध्ये मागे ब्लॉक, स्टॅकमध्ये नोजवरची जोडी, बेअरमध्ये नोज एकट्याने, तेही हात नुकताच बॉलमधून सुटलेला असताना. आणि बहुतेक टीम सेंटरला त्या मुलाला ठेवतात ज्याला दुसरीकडे जागा नाही, सगळ्यात ताकदवान मुलगा डाव्या टॅकलला जातो. पास टाकणाऱ्या प्रोफेशनल टीमसाठी ते ठीक आहे. दाटीच्या फ्रंटविरुद्ध धावायचं असेल तर तुमचा सगळ्यात चांगला लाइनमन सोमवारच्या सरावापासून सेंटरला आणा, आणि शॉटगन स्नॅपचे (काही यार्ड मागे उभ्या क्वार्टरबॅककडे टाकायचे) पन्नास चेंडू रोज त्याच्याकडून टाकून घ्या.